कृतक शत्रूचे यथार्थ रूप



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आपली सारी हयात गतिशास्त्र शिकविण्यात वेचली, आणि ज्या गणिताचा पडताळा प्रत्यक्ष सृष्टीशी घालता येत नाही अशा गणितावर त्यांचा फारसा भरवसा नसे. तेव्हा त्यांच्या नावाने चालणाऱ्या या व्यासपीठावरून मी शत्रूचे सोंग घेणाऱ्या विमानांविषयी, आणि त्या सोंगाची पुन्हा सिम्युलेटरमध्ये जी नक्कल केली जाते तिच्या खरेखोटेपणाविषयी बोलावयाचे ठरविले, याचे आपणांस नवल वाटू नये. विषय युद्धविद्येचा दिसतो खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गणिती प्रतिमेच्या सचोटीचा आहे, आणि मला आस्था आहे ती त्या सचोटीची.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी नौदलाच्या अवजड, दोन माणसांच्या, मागे काळ्या धुराची शेपटी सोडीत जाणाऱ्या फँटम विमानांची गाठ लहानखुऱ्या मिग विमानांशी पडली, आणि आपले एक विमान गमावल्यावर शत्रूची जेमतेम दोन-अडीच पडतात असा हिशेब हाती येऊ लागला, तेव्हा कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्याकडे चौकशीचे काम सोपविण्यात आले. त्यांच्या अहवालात क्षेपणास्त्रांच्या सदोषतेपासून त्यांच्या देखभालीपर्यंत अनेक गोष्टींची झडती घेतलेली होती; पण आपल्या प्रयोजनापुरता महत्त्वाचा मुद्दा एवढाच की, फँटमचा वैमानिक सराव करी तो दुसऱ्या फँटमशी. जे विमान त्याच्याच इतके मोठे, त्याच्याच इतके दुरून दिसणारे आणि त्याच्याच रीतीने वळणारे, त्याच्याशी शंभर वेळा झुंजूनही मिगशी झुंजण्याचे ज्ञान कसे व्हावे? अहवालाची निष्पत्ती म्हणून मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील मिरामार येथे जी शाळा निघाली ती पुढे ‘टॉपगन’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्यात ए-४ स्कायहॉक हे चपळ, अल्पवेगी विमान मिग-१७ च्या जागी आणि टी-३८ टॅलन हे सडपातळ स्वनातीत प्रशिक्षण-विमान मिग-२१ च्या जागी उभे करण्याचा शिरस्ता पडला. वायुदलाने १९७२ मध्ये नेव्हाडातील नेलिस तळावर असेच ‘अ‍ॅग्रेसर’ पथक स्थापिले. आणि १९७५ साली दक्षिण व्हिएतनामचे राज्य कोसळल्यावर त्या देशाला द्यावयाची राहून गेलेली काही एफ-५ई विमाने या पथकांच्या पदरी पडली. युद्धाच्या अखेरच्या पर्वात नौदलाचे प्रमाण बारास एकाच्याही पुढे गेले. याचे सारे श्रेय एका शाळेस देणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि त्या शाळेचा काहीच वाटा नव्हता असे म्हणणाराही मला अद्याप भेटलेला नाही.

आता आपण मुख्य प्रश्नाकडे वळू. एफ-५ई हे मिग-२१ नव्हे. ते मिग-२१ चे काम करणारे एक निराळे विमान आहे. मग सिम्युलेटरमध्ये या एफ-५ई ची प्रतिकृती घडविणाऱ्याने कशाशी इमान राखावयाचे, नॉर्थ्रॉप कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या विमानाशी, की ज्याच्या वतीने ते आकाशात उभे राहते त्या रशियन विमानाशी? हा प्रश्न पुष्कळ रचनाकार स्वतःला विचारीतच नाहीत. ते एफ-५ई ला थोडे मिगसारखे करतात, मिगला थोडे एफ-५ई सारखे करतात, आणि अखेरीस कोणत्याही आकाशात कधीही न उडालेले एक तिसरेच विमान निर्माण होते.

हा घोटाळा कोठे होतो ते एका उदाहरणाने पाहू. ४०० नॉट वेगाने जाणारे विमान सहा ‘जी’, म्हणजे आपल्या वजनाच्या सहापट, भार घेऊन सपाटीत वळू लागले तर ते सुमारे ७३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, सेकंदाला साधारणतः सोळा अंश या गतीने वळेल, आणि बावीस-तेवीस सेकंदांत एक फेरा पूर्ण करील. यात विमानाच्या नावाचा, आकाराचा वा राष्ट्रीयत्वाचा काडीइतकाही संबंध नाही; ही निव्वळ भूमिती आहे. एफ-५ई असो, मिग-२१ असो की फँटम असो, वेग आणि भार तोच असेल तर वर्तुळही तेच. फरक पडतो तो या वळणाची किंमत चुकविण्यात. जॉन बॉइड आणि टॉमस ख्रिस्ती यांनी १९६० नंतरच्या दशकात एग्लिन तळावर जे ऊर्जा-गणित मांडले त्याचे मर्म एवढेच आहे की, विमानाची उंची आणि वेग ही वैमानिकाची शिल्लक, एंजिनाचा रेटा ही जमा आणि हवेचा रोध हा खर्च; रेट्यातून रोध वजा करून बाकीला वेगाने गुणावे, वजनाने भागावे, म्हणजे त्या क्षणी शिल्लक कोणत्या गतीने वाढते वा घटते ते कळते. वळण जितके तीव्र तितका पंख हवेशी अधिक कोन करतो, आणि उत्थापनाच्या वर्गाच्या प्रमाणात प्रेरित रोध वाढत जातो. लांबट पंखाला तो कमी लागतो, आखूड व रुंद पंखाला जास्त.

एफ-५ई च्या पंखाचा विस्तार ८.१३ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे १७.३ चौरस मीटर. मिग-२१ च्या त्रिकोणी पंखाचा विस्तार ७.१५ मीटर आणि क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. विस्ताराच्या वर्गास क्षेत्रफळाने भागून येणारे गुणोत्तर पहिल्याचे ३.८ च्या आसपास आणि दुसऱ्याचे २.२ च्या आसपास येते. अर्थ उघड आहे. तीव्र वळणात मिग-२१ चे नाक झटकन आत येते, पण त्या एका झटक्यात त्याचा वेग एफ-५ई पेक्षा फार झपाट्याने ओसरतो. उलट एफ-५ई तेच वळण अधिक काळ निभावून नेते. ज्या विद्यार्थ्याने फक्त एफ-५ई शी झुंज घेतली आहे तो खऱ्या मिगच्या पहिल्या वळणाला घाबरेल आणि दुसऱ्या वळणापर्यंत थांबण्याचा धीर त्याला राहणार नाही, वास्तविक विजय त्या दुसऱ्या वळणातच त्याची वाट पाहत असताना. सबब, एफ-५ई ची कोष्टके घेऊन त्यावर मिगचे चित्र चढविणे ही माझ्या मते क्षुल्लक सवलत नसून सरळसरळ खोटी साक्ष आहे.

अमेरिकेला मिग-२१ ची खरी ओळख झाली ती एका पळून आलेल्या विमानामुळे. १६ ऑगस्ट १९६६ रोजी मुनीर रेद्फा नावाचा इराकी वैमानिक आपले मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला; पुढे ते विमान अमेरिकेस उसने देण्यात आले आणि १९६८ च्या आरंभी नेव्हाडातील ग्रूम लेक येथे ‘हॅव डोनट’ या सांकेतिक नावाखाली त्याची कसून तपासणी झाली. त्या तपासणीत या विमानाची स्तुती करण्याजोगे पुष्कळ निघाले, तसे दोषही निघाले. कमी उंचीवर वेग वाढला की सांगाडा असा थरथरू लागे की वैमानिकास तो वेग टिकविणे दुष्कर व्हावे. थ्रॉटल पुढे सारल्यावर एंजिन सावकाश, जणू मर्जीनुसार, वर येई. आणि समोरच्या जाड काचेमुळे, चौकटीमुळे व नेमयंत्रामुळे पुढचे, तसेच पाठीवरच्या फुगवट्यामुळे मागचे दिसणे फार मर्यादित होते.

आता हे तीन दोष टी-३८ वर अथवा एफ-५ई वर कसे आणावयाचे? धातूचे विमान हे सोंग घेऊच शकत नाही. एफ-५ई ची दृष्टी मोकळी आहे, म्हणून अ‍ॅग्रेसर पथकाच्या वैमानिकाला जे दिसते ते न दिसल्याचे नाटक करावे लागे. त्याचे विमान जे करू शकते ते, मिग करू शकत नाही म्हणून, सोडून द्यावे लागे. आणि सोव्हिएत पद्धतीत जमिनीवरचा नियंत्रक हुकूम देई, वैमानिक तो अमलात आणी, म्हणून स्वतःची बुद्धीही काही अंशी गहाण ठेवावी लागे. या पथकांतील वाकबगार वैमानिकांचे खरे कौशल्य मला येथे दिसते, जिंकण्यात नव्हे. कोठे हरावयाचे हे ओळखून प्रामाणिकपणे हरणे ही फार कठीण विद्या आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी सिम्युलेटर धातूच्या विमानावर मात करतो. त्याला दोष फुकटात मिळतात. काच जाड करावयाची तर चार रेषा पुरतात, एंजिन सुस्त करावयाचे तर एका कालांकाचे मूल्य वाढविले म्हणजे झाले. असे असूनही बहुसंख्य रचनाकारांचे सारे चित्त विमानाच्या गुणांवर खिळलेले असते. सर्वोच्च वेग बरोबर, चढण्याचा दर बरोबर, रंगाची छटान् छटा बरोबर. आणि थरथर मात्र ऐच्छिक!

सिम्युलेटरच्या यंत्रविद्येविषयी येथे फार बोलणार नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातील भाते वापरून पहिले शिक्षणयंत्र उभे केले, आणि १९३४ साली टपाल वाहताना वैमानिकांचे बळी जाऊ लागले तेव्हा अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली, हे सर्वश्रुत आहे. प्रतिपक्षी विमानाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा टप्पा व्हर्जिनियातील लँगली येथे नासाने सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गाठला. तेथे चाळीस फूट व्यासाचे दोन पोकळ गोल उभारले. प्रत्येकात एकेक वैमानिक बसे आणि दुसऱ्याच्या विमानाची प्रतिमा त्याला आपल्या गोलाच्या आतल्या अंगावर फिरताना दिसे. दोन भिन्न विमानांची दोन भिन्न समीकरणे एकमेकांसमोर उभी करण्याची ही सोय होती, आणि विषम जोडीचा सराव म्हणून जो म्हणतात त्याची ही गणिती आवृत्ती होय.

विमानाची प्रतिकृती म्हणजे अखेर कोष्टकांचे एक दप्तर असते. पंखाचा हवेशी होणारा कोन, बाजूने घसरण्याचा कोन, सुकाणूंची स्थिती, वेग आणि उंची यांच्या प्रत्येक संयोगास उत्थापन, रोध आणि तिन्ही अक्षांभोवतीचे आघूर्ण यांचे गुणांक वातविवरात मोजून लिहावयाचे, आणि सेकंदाला अनेक वेळा त्यांवरून विमानाची पुढची स्थिती काढावयाची. लँगलीच्याच संशोधकांनी १९७९ मध्ये एफ-१६ विषयी असा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील गुणांक पंखाच्या कोनाच्या उणे वीस अंशांपासून नव्वद अंशांपर्यंत, म्हणजे जेथे पंखाचे उत्थापन कोसळते त्या स्टॉलच्या कितीतरी पलीकडे, दिलेले आहेत, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी व हौशी रचनाकारांनी त्यांवर आपापल्या प्रतिकृती पोसल्या आहेत. परंतु असे उघडे दप्तर सर्वच विमानांच्या नशिबी नसते. सामान्यतः रचनाकाराच्या हाती वैमानिकाची हस्तपुस्तिका असते. तिच्यात सपाट उड्डाणाचे, चढाईचे, इंधनाचे आलेख असतात, पण स्टॉलच्या पलीकडे विमान कसे डोलते याची नुसती ताकीद असते, आकडा नसतो. आणि हवाई झुंज तर बहुतेक तेथेच, त्या कोऱ्या रकान्यांत, लढली जाते.

म्हणून पडताळ्याची पद्धत ठरलेली असावी असा माझा आग्रह आहे. वजन, उंची व तापमान मुक्रर करावे. पंधरा हजार फुटांवर सपाट उड्डाणात एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंत पोचण्यास लागणारे सेकंद मोजावेत. त्याच उंचीवर वेग न गमावता किती ‘जी’ धरता येतात ते पाहावे. आणि हे सारे हस्तपुस्तिकेच्या आलेखाशी ताडून पाहावे. एफ-५ई ची दोन जे-८५ टर्बोजेट एंजिने आफ्टरबर्नरसह प्रत्येकी पाच हजार पौंड रेटा देतात, पण हा आकडा जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचा आहे. उंचीवर विरळ हवेत तो किती घटतो हे कोष्टकात चुकले, तर वर सांगितलेल्या हिशेबातील जमेची बाजूच खोटी ठरते, आणि मग पंखाचे गुणांक कितीही काटेकोर असोत, वळण बिघडते. अशा वेळी काही रचनाकार रोधाचा आकडा हलकेच कमी करून उत्तर जुळवून घेतात. एका उंचीवर ते जुळतेही. दुसऱ्या उंचीवर मात्र दोन्ही चुका एकत्र होऊन बाहेर पडतात.

वैमानिकाची साक्ष हा दुसरा पुरावा. तो अमूल्य आहे, पण एकट्याने पुरेसा नाही. ज्याने ते विमान उडविले त्याला स्टॉलपूर्वीची कंप-सूचना बैठकीतून, पाठीच्या कण्यातून कळे. घरच्या खुर्चीत बसून तीच सूचना त्याला ध्वनीच्या आणि चित्राच्या थरथरण्यातून घ्यावी लागते. खऱ्या दांड्याची स्प्रिंग आणि टेबलावरच्या आखूड जॉयस्टिकची स्प्रिंग यांत तर तुलनाच नाही. तेव्हा ‘हे माझ्या विमानासारखे वाटत नाही’ असे तो म्हणाला तर दोष समीकरणाचा की दांड्याचा, हे ठरविण्यास मोजमापाची नोंदच लागते. उलट, नोंद जुळत असून तो वारंवार एकाच ठिकाणी हरकत घेत असेल, तर नोंद घेणाऱ्याने काय मोजावयाचे राहिले याचा शोध करावा.

दृष्टीच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे विद्वानांचे दुर्लक्ष होते. निरोगी डोळ्यास सुमारे एका कलेचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचे अंतर ओळखता येते. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर नव्वद अंशांचे दृश्य पसरले तर प्रत्येक ठिपका जवळजवळ तीन कलांचा होतो. या हिशेबाने एफ-५ई चा सारा पंख दहा किलोमीटरवर अवघा एक ठिपका व्यापतो. आणि विमान समोरून येत असेल तर त्याचे सडपातळ अंग त्या ठिपक्याचाही अपूर्णांकच. आता अपूर्णांकाइतका ठिपका पडद्याला रंगविता येत नाही. एक तर तो पुरा काळा रंगवावा लागतो, किंवा आकाशाच्या रंगात मिसळून फिका करावा लागतो. पुरा काळा केला तर जाड ठिपक्यांच्या स्वस्त पडद्यासमोर बसलेला मनुष्य शत्रूला आधी पाहतो आणि बारीक ठिपक्यांचा महागडा पडदा घेणारा मागाहून! लहान असणे हाच ज्या विमानाचा सर्वांत मोठा युद्धगुण, आणि ज्या गुणासाठीच त्याला शत्रूची भूमिका मिळाली, तो गुण अशा रीतीने दुकानदाराच्या बिलावर अवलंबून राहतो.

दिसण्याचे महत्त्व केवळ अंतरापुरते नाही. नेव्हाडातच टोनोपा येथे १९७९ ते १९८८ या काळात अमेरिकी वायुदलाचे एक गुप्त पथक प्रत्यक्ष मिग-१७, मिग-२१ आणि मिग-२३ विमाने उडवून आपल्या वैमानिकांना दाखवीत असे. २००६ मध्ये त्यावरील गुप्ततेचा पडदा दूर झाला. शत्रूचे विमान जन्मात प्रथमच समोर आल्यावर मनुष्य क्षणभर नुसता पाहतच राहतो, आणि तो क्षण युद्धात नव्हे तर सरावात खर्ची पडावा, हा त्या खटाटोपाचा एक प्रमुख हेतू होता. म्हणून बाह्याकृतीच्या यथातथ्यतेची मी मघाशी थोडी थट्टा केली असली, तरी तिची किंमत मी नाकारीत नाही. तिला गतीच्या आधी बसविण्यास माझी हरकत आहे.

प्रतिपक्षी विमान यंत्र चालवीत असेल तर आणखी एक दोष संभवतो. संगणकाला सर्व विमानांची स्थाने ठाऊकच असतात. त्याला पाठीमागचे दिसते, सूर्य डोळ्यांत जात नाही, सहा ‘जी’ चा थकवा येत नाही. पुष्कळ जुन्या सिम्युलेटरांत तर त्याच्या विमानास सोपी, सवलतीची समीकरणे दिलेली असत. अशा शत्रूशी झुंजून शिकणारा जे शिकतो ते त्या संगणकाविषयीचे ज्ञान होय, मिगविषयीचे नव्हे. ज्या मर्यादा मनुष्याला त्याच यंत्रालाही, हा नियम येथे कठोरपणे पाळला पाहिजे, मग खेळ अंमळ बेचव झाला तरी चालेल.

अमेरिकी नौदलाने पुढे १९८७-८८ मध्ये तोफ काढून हलकी केलेली एफ-१६एन ही सव्वीस विमाने खास प्रतिपक्षी म्हणून घेतली. नित्याच्या तीव्र वळणांनी त्यांच्या सांगाड्यांना तडे गेले आणि काही वर्षांतच ती मोडीत निघाली. सिम्युलेटरमधील पंखास तडा जात नाही, ही त्याची काटकसर खरी; पण खरे विमान जपून वापरावे लागते ही जाणीवही त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनातून पुसली जाते.

आता आपल्या प्रांताशी या विषयाचा जो खराखुरा संबंध आहे तो सांगतो. ज्या मिग-२१ चे सोंग नेव्हाडाच्या आकाशात एफ-५ई घेत असे, ते मिग-२१ नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, १९६४ साली स्थापन झालेल्या कारखान्यात शेकड्यांनी बांधले गेले. भारतीय वायुदलात ते १९६३ पासून होते आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्यास निरोप देण्यात आला. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये २०१४ साली मिग-२१बिस आणि २०१६ साली एफ-५ई अशी दोन्ही विमाने आली, तेव्हापासून पुण्यातील एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी सोंग आणि सोंगाचे मूळ यांची झुंज आपल्या खोलीत लावून दोहोंचा फरक स्वतः मोजू शकतो. पण ते विमान थंडीच्या पहाटे एंजिन धरावयास किती वेळ घेई, कोणत्या वेगास दांडा जड होई, उतरताना नाक किती वर धरल्यावर धावपट्टी दिसेनाशी होई, यांपैकी पुष्कळसे कोणत्याही हस्तपुस्तिकेत लिहिलेले नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ते वैमानिक, तंत्रज्ञ आणि कारागीर आपल्यातच, नाशिकला, पुण्याला, ओझरच्या आसपासच्या गावांत, निवृत्त होऊन राहिले आहेत, आणि दर वर्षी त्यांची संख्या घटत आहे. श्रोत्यांतील तरुण मंडळींना माझी विनंती आहे की, गोपनीयतेच्या नियमांस बाध न आणता जेवढे सांगता येण्याजोगे असेल तेवढे त्यांच्याकडून विचारून, तारीखवार, साक्षीदाराच्या कामाच्या तपशिलासह लिहून घ्यावे. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या या विमानाची प्रतिकृती रचावयास बसला, तर आपल्या कोष्टकात मोजलेला आकडा कोणता, ऐकलेला कोणता आणि अंदाजाने भरलेला कोणता, याची खूण प्रत्येक रकान्यापुढे न चुकता करावी.